वासरासाठी ठेवलेला चीक

"आत्याबाई, ह्या दोन बाटल्यांना कुणी हात लावायचा नाही," वैजयंता म्हणाली.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यातला बर्फ उलथन्यानं खरवडून तिनं जागा केली होती. आदल्या दिवशी आमची जर्सी व्याली होती आणि तिचा पहिल्या धारेचा चीक वासराचं पोट भरून उरला होता. त्यातला दोन लिटर चीक माझ्या सुनेनं बाटल्यांत भरून बर्फात उभा केला.

"सून सासूला सांगतीया हात लावू नका म्हणून," मी म्हणाले. "पाटी लिहून लाव की दारावर."

"लिहिलंयच की."

खरंच लिहिलं होतं. जखमेला लावायची पांढरी पट्टी दोन्ही बाटल्यांवर चिकटवून तिनं वर तारीख घातली होती आणि खाली लिहिलं होतं, वासरासाठी. मी दुसरीत शाळा सोडलेली बाई. पेपर मला वाचता येत नाही. पण ती पाच अक्षरं मला वाचता आली. आली नाहीत असं म्हणायची सोय मला नाही.

"कुठल्या वासरासाठी? जर्सीचं तर पिऊन बसलंय."

"पुढच्या. पवळी व्यायची आहे ना श्रावणात. तिचं वय झालंय. तिला चीक कमी आला, कासेला काही झालं, तर ऐनवेळी आणायचा कुठनं? वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या अंगात रोगाशी भांडायची ताकद नसते, आत्याबाई. ती चिकातनंच जाते, आणि तीही पहिल्या काही तासांत पाजला तर. मग पाजून उपयोग नाही. जनावरांच्या शिबिरात डॉक्टरांनी सांगितलंय."

"माझ्या हाताखालनं चाळीस वासरं गेली. कुणाला बर्फातली बाटली दावली नव्हती."

"त्यातली मेली किती?"

"मेली ती त्यांच्या मरणानं मेली," मी म्हणाले, आणि ती हसली. तोंडाला तोंड द्यायची, पण हसून. म्हणून माझा राग तिच्यावर धड बसायचा नाही, हेही एक दुखणंच होतं.

आमच्या घरी चीक म्हणजे खरवस. माझ्या सासूच्या वेळेपासून गाय व्याली की वस्तीवरच्या अकरा घरांत आमच्याकडनं खरवसाचा डबा जायचा. आम्ही चीक देणारी माणसं. कुणाच्या दारात भांडं घेऊन चीक मागायला आमच्यातलं कुणी कधी गेलं नाही, आणि हे मी चारचौघांत बोलूनही दाखवायची. शिवाय व्यालेल्या गाईची वार पडल्याखेरीज वासराला कासेला लावायचं नाही, ही आमची रीत. वैजयंतानं लग्न होऊन आल्यावर दुसऱ्याच वर्षी ती मोडली. वासरू उभं राहायच्या आत त्याला चीक पाजायला लागली. वासरं मरायची थांबली. ते मला दिसत होतं. मी बोलले मात्र नाही कधी.

पवळी ही तिची गाय. तिच्या वडलांनी लग्नात पाठवलेली. आली तेव्हा कालवड होती, डोळ्याला डोळा देऊन बघायची. माझ्या घरी तिची सहा वेतं झाली आणि सहाही गोऱ्हे. वैजयंताला तिच्या पोटची एक कालवड पाहिजे होती. वडील गेल्यापासून तर तिनं तेच एक मनात धरलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, हे सातवं शेवटचं, आता गाईला त्रास देऊ नका.

"ह्या खेपेला कालवडच होणार," ती म्हणायची. "आमच्या आप्पांच्या गोठ्यातलं काहीतरी राहू दे माझ्याकडं."

आषाढात आप्पांचं वर्षश्राद्ध आलं. वैजयंता आणि हणमंत, माझा मुलगा, दोघं दोन दिवसांसाठी तिकडं गेले. जाताना ती पवळीच्या कासेला हात लावून बघून गेली. मला म्हणाली, "अजून पंधरा दिवस तरी आहेत. तुम्ही काळजी करू नका."

"मला काय काळजी? मी काय आज गाय बघतीया?"

त्याच संध्याकाळी इस्लामपूरहून विहीणबाईंचा फोन आला. माझ्या कमलला त्यांच्या घरात दिलेली. लग्नाला वर्ष झालं होतं आणि त्या बाईंचा पाय अजून आमच्या उंबऱ्याला लागला नव्हता.

"उद्या शिंगणापूरला चाललोय, येताना दुपारी तुमच्याकडं टेकतो. सातजण आहोत. घाट घालू नका बरं का जेवणाचा. पण काय हो, तुमच्या खरवसाचं लग्नात एवढं ऐकलं होतं. आम्ही विकतची माणसं, शहरगावची. आम्हाला कधी मिळायचा?"

तिच्या बोलण्यात बोच होती की नव्हती, देव जाणे. मला बोचलं. मी म्हणाले, "उद्याच. या तर खरं."

फोन ठेवला आणि मग ध्यानात आलं की गोठ्यात व्यालेली गाय नाही. जर्सीला महिना होऊन गेलेला. चीक कुठला?

फ्रिज उघडताना मी एकच बाटली घेणार होते. एक घेऊन त्यात दूध वाढवायचं, असं मनात होतं. मग सातजण डोळ्यांपुढं आले, कमलच्या सासरी न्यायला डबा भरून द्यावा लागणार तेही आलं, आणि पातळ, लिबलिबीत खरवस पुढं ठेवला तर ती बाई काय म्हणेल हेही आलं. मी दोन्ही काढल्या. पट्ट्या अलगद सोडवून ताटलीला लावून ठेवल्या.

खरवस असा झाला की चाकू फिरवला तर कड तुटली नाही. गूळ, वेलदोडा, जायफळ. विहीणबाईंनी तीनदा घेतला. म्हणाल्या, "हात आहे हो तुमचा." कमल माझ्याकडं बघून हसत होती. सासरी तिची मान वर झाली, असं मला वाटलं. चार तास मी राणी होते.

ते गेल्यावर मी भांडी घासली. मग सांजच्या धारेचं दूध दोन बाटल्यांत भरलं. पांढरंधोट दिसायला लागलं, म्हणून चिमटीच्या टोकावर हळद घेऊन टाकली आणि हलवली. पट्ट्या जिथल्या तिथं लावल्या. बाटल्या बर्फात उभ्या केल्या.

असं का केलं, हे मी पुष्कळदा मनाला विचारलंय. सरळ सांगता आलं असतं की पाहुणे आले, वापरला. वैजयंता दोन दिवस गाल फुगवून बसली असती आणि कुठनंतरी दुसरा चीक मिळवून ठेवला असता. पण तिनं हात लावायचा नाही म्हणून बजावलं होतं आणि मी लावला होता. सुनेपुढं खाली बघायचं मला जमलं नाही. आणि मला खरंच वाटत होतं की पवळीला चीक येणार. गाय व्याली की चीक येतोच. कुणाला लागतीया ती बाटली?

पवळी व्याली ती सकाळी आठच्या सुमाराला. दिवस थोडे आधीच भरले. वैजयंता आणि मी दोघीच होतो, हणमंत दूध घालायला डेअरीला गेलेला. वासरू अडलं नाही. पुढचे पाय, नाक, मग एका कळेत सगळं. वैजयंतानं नाकातोंडातला चिकटा काढला, पाय वर करून बघितलं आणि मांडी घालून तिथंच शेणात बसली.

"आत्याबाई, कालवड."

"दिसतीया. ऊठ आता, साडी बघ काय झाली."

तिला ऐकूच गेलं नाही. गवताच्या बोळ्यानं ती वासराला पुसत होती आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होती, आप्पांना सांगत असावी. कालवड विटकरी रंगाची, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. पवळी तिला चाटत होती.

मी कासेला हात लावला आणि तिथंच समजले. डावीकडचे दोन्ही सड दगडासारखे. उजवीकडचा एक पिळला तर तांबूस पाणी आलं. चौथ्यातनं दह्याचे तुकडे.

"दगडी झालीया," मी म्हणाले.

वैजयंता उठली. तिनं स्वतः चारही सड पिळून बघितले. तोंड उतरलं तिचं, पण क्षणभरच. "पवळीला डॉक्टर बोलवायला लागंल. वासराचं काही अडणार नाही. आपली सोय आहे."

तेवढ्यात हणमंत आला. त्यानं गाय बघितली, वासरू बघितलं आणि म्हणाला, "चीक नाही व्हय? काल कुंभारवस्तीवर तात्यांची गाय व्यालीया. डेअरीत बोलत होते. गाडी काढू? वीस मिनिटांत येतो घेऊन."

मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी होते. माझ्या तोंडातनं निघालं, "जा की. घेऊन ये."

हणमंत हसला. "आई, तुझी तब्येत बरी आहे न्हवं? आम्ही चीक देणारी माणसं, मागणारी न्हवं, हे ऐकून माझं कान किटलं आणि आज तूच पाठवतीस?"

"जादाचा असला म्हणून काय बिघडलं?"

"कशाला लोकांच्या दारात?" वैजयंता म्हणाली. "त्यांच्या वासरालाच लागंल तो. तुम्ही डॉक्टरकडं जा आधी. आपल्याकडं दोन बाटल्या ठेवल्यात की, ह्याच दिवसासाठी."

हणमंत डॉक्टरला आणायला गेला. त्याची फटफटी नाल्याच्या वळणाला दिसेनाशी झाली तोवर मी बघत होते. हाक मारली असती तर थांबला असता.

वैजयंतानं बादलीत कोमट पाणी केलं आणि त्यात बाटल्या उभ्या केल्या. "गॅसवर ठेवायच्या नाहीत," ती मला सांगत होती, जशी वस्तीवरच्या बायकांना सांगायची तशी. "चुलीवर ठेवला की खरवस होतो आणि मग वासराच्या काही कामाचा राहत नाही."

बर्फ वितळला. तिनं एक बाटली भांड्यात ओतली, दोन बोटं बुडवली आणि बोटांची टोकं एकमेकांना लावून बघितली. मग परत बुडवली.

"चिकट लागत नाही तेवढा," ती म्हणाली आणि तिनं माझ्याकडं बघितलं. "पातळ नाही वाटत तुम्हाला?"

मी बोट बुडवलं. माझ्याच हातचं दूध ते. म्हणाले, "बर्फाचं पाणी मिसळलं आसंल. एवढे दिवस बर्फात ठेवल्यावर तसंच व्हायचं."

ती म्हणाली, "व्हय, तसंच असंल."

बाटलीला निपल लावून तिनं कालवडीला दोन्ही बाटल्या पाजल्या. घटाघटा प्यायली पोर. शेपूट हलवत होती. वैजयंतानं घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "पाऊण तासात पोटात गेला. आता भीती नाही."

दोन दिवस कालवड उड्या मारत होती. मी मनात म्हटलं, बघ, काही होत नाही. आमची चाळीस वासरं काय बाटलीवर जगली? दुसऱ्या दिवशी तर मी जेवलेही पोटभर.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती उठली नाही. मागचं अंग पांढऱ्या हगवणीनं भरलेलं. दुपारपर्यंत डोळे आत गेले. कान गार. डॉक्टर आले, सलाईन लावलं, सुई दिली. पवळीची कास बघून झाल्यावर ते वैजयंताला म्हणाले, "चीक पाजला होतास ना वेळेवर?"

"पाऊण तासात, सर. दोन लिटर. जर्सीचा, पहिल्या दिवसाचा, बर्फातला."

"मग एवढं व्हायला नको होतं. ताकद असायला पाहिजे होती अंगात." त्यांनी सलाईनची नळी तपासली. "लाईट जाते का तुमच्याकडं?"

"जाते. चार-चार तास."

"मग वितळला असेल आणि परत गोठला असेल. खराब झाला असणार. चुकून होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस."

मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. डॉक्टरांना पाणी दिलं. चहा करते म्हणाले. ते नको म्हणाले.

वैजयंता रात्रंदिवस वासरापाशी बसली. मिठा-साखरेचं पाणी चमच्यानं घालायची, पोतं गरम करून पोटाला लावायची. मी म्हणाले, तू जरा पड, मी बसते. ती म्हणाली, "नको आत्याबाई. माझ्याच हातानं पाजलाय मी. लाईट गेल्यावर बघायला पाहिजे होतं. आळस केला."

"तुझा काय आळस," मी म्हणाले. तेवढंच म्हणाले.

पाचव्या दिवशी उन्हं वर आल्यावर कालवड गेली. वैजयंता रडली नाही. कालवडीचा श्वास थांबल्यावरही पुष्कळ वेळ ती तिचे कान चोळत बसली होती. हणमंतानं बांधाच्या कडेला खड्डा काढला. पवळी तीन दिवस दाव्याला ओढ देऊन त्या अंगाला बघत हंबरायची. तिची कास कायमची गेली. ती पुन्हा गाभण राहिली नाही.

वस्तीवरच्या चार बायका वैजयंताचं बघून चीक साठवायला लागल्या होत्या. तिनं प्रत्येकीच्या घरी जाऊन सांगितलं, "माझं ऐकू नका. माझ्या चिकानं वासरू मेलं." त्यांनी बाटल्या ओतून दिल्या. शिबिराचं बोलावणं आलं तर ती गेली नाही. तिची ती वही, ज्यात गाईंच्या तारखा लिहायची, ती कोनाड्यात पडून राहिली. माझ्या तोंडाला तोंड द्यायचंही तिनं सोडलं. मी मुद्दाम टोचून बोलायची, तर "बरं" म्हणायची. घरात इतकी शांतता मला कधी नको होती.

असे दहा महिने गेले. दहा महिने मी रोज सकाळी ठरवायची की आज सांगते, आणि रोज पहिल्या चहालाच माझी जीभ कोरडी पडायची. ज्या जिभेला सगळी वस्ती भ्यायची, तीच.

मग जर्सी परत व्याली. ज्येष्ठातली सकाळ होती. वासरू धडधाकट, गाईची कास भरलेली, चीक हळदीसारखा पिवळा. हणमंत परगावी. मी भांडं पुढं केलं तर वैजयंता दोन पावलं मागं सरकली.

"तुम्ही काढा, आत्याबाई. तुम्हीच पाजा."

"माझी बोटं वळत न्हाईत आता. तूच काढ."

"नको." तिनं हात पदराखाली घेतले. "माझ्या हाताला यश नाही. ह्याचंही काही झालं तर मी काय करू?"

वासरू आमच्या मधे उभं राहायला धडपडत होतं, पडत होतं.

मी सांगितलं. विहीणबाईंचा फोन, दोन बाटल्या, सांजचं दूध, हळद. सगळं एका दमात, तिच्याकडं न बघता, गाईच्या पाठीवर हात ठेवून. सांगून झालं आणि मी थांबले. ती ओरडेल, मला वाटलं. ओरडली असती तर मी उलटून बोलले असते. म्हणाले असते, माझ्या घरात, माझ्या फ्रिजमध्ये, मला विचारणारी तू कोण. ते मला येतं. त्यासाठी मी तयार होते.

ती ओरडली नाही. म्हणाली, "हे कुंभारवस्तीला निघाले होते तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मी बोटांत धरून बघितला होता. चिकट नव्हता. मला कळलं होतं." ती माझ्याशी बोलत नव्हती, स्वतःशीच जुळवत होती. "टाकून देणार होते मी तो. पण तुम्ही म्हणालात तसंच होतं म्हणून. तुमच्या हाताखालनं चाळीस वासरं गेलेली. मी म्हटलं, मला काय कळतंय."

आज अकरा वर्षं झाली, तिचं ते बोलणं माझ्या मनातनं गेलं नाही.

वासरू चौथ्यांदा उठलं आणि उभं राहिलं. वैजयंतानं डोळे पुसले, हात धुतले आणि गाईखाली बसली. धार नीट पडत होती. हणमंताला तिनं हे कधी सांगितलं नाही. मलाही पुन्हा त्याविषयी एक शब्द विचारला नाही.

"वासराची हनुवटी धरा," ती म्हणाली. "फार वर नको. ठसका लागंल."

मी गुडघे टेकून बसले आणि हनुवटी धरली.